महाजनबाईंच्या रक्ताची दोन उत्तरं

अन्याय झाला तो कमलाबाई त्र्यंबक महाजन यांच्यावर. बऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातल्या मुलींच्या मराठी शाळेत दुसरी-तिसरीला शिकवणाऱ्या, माझ्या सख्ख्या आत्या. कधी झाला तेही सांगते. आमचं गाव नागपूरच्या राज्यातून निघून भोपाळच्या राज्यात गेलं, त्याच वर्षी, मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी, सरकारी दवाखान्याच्या पडवीत. तिथे त्यांच्या डाव्या हातातून सुईने रक्त काढलं आणि त्या रक्ताच्या नावाने पुढे जे जाहीर झालं ते खोटं होतं. पत्रकं लिहायला मी अठराव्या वर्षी शिकले. ज्याचं नुकसान झालं त्याचं नाव वरती घाल, नाहीतर वाचणारा आपल्या कामाला निघून जातो, ही पहिली शिकवण. ती सवय अजून गेलेली नाही आणि रागही गेलेला नाही.

आमचं घर राजपुऱ्यात, वेशीच्या दरवाजाच्या अलीकडच्या गल्लीत. दोन्ही बाजूंना विणकरांची घरं, त्यामुळे उजाडल्यापासून मागांची खटखट भिंतीतून यायची. पाहुणे पहिले दोन दिवस डोकं धरून बसत. आम्ही मात्र माग थांबले की दचकायचो. आत्याकडे संध्याकाळी शिकवणीला पोरी यायच्या. त्या पाढे म्हणता म्हणता नकळत मागाच्या ठेक्यावर जात, आणि सतराच्या पाढ्यात शेजारच्याचा धागा तुटून माग थांबला की यांचाही पाढा अडायचा. आत्या म्हणायची, थांबा, त्याला गाठ मारू द्या. आई फोपनारची, केळीच्या मळ्यात वाढलेली. तिच्या हाताला केळफुलं सोलून सोलून कायमचा काळा रंग चढला होता. कळण्याची भाकरी, ठेचा, केळफुलाची भाजी, सणाला खापरावरचे मांडे, असं आमचं खाणं. अण्णा कचेरीत कारकून होते. बोलत कमी, खोकत जास्त. आत्या लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली. नवरा विषमज्वरात गेला होता. अण्णांनी गल्लीच्या विरोधात जाऊन तिला ट्रेनिंगला पाठवलं आणि ती मास्तरीण झाली. तेव्हापासून घरात तिचा शब्द अण्णांच्या शब्दाच्या बरोबरीने चाले, आणि बाहेर ती ‘महाजनबाई’ झाली. विणकरांच्या बायकासुद्धा तिला पाहून डोक्यावरचा पदर नीट करत. हा मान तिने स्वतः मिळवला होता, कोणाकडून उसना घेतलेला नव्हता, म्हणून त्याचं काय झालं ते सांगायचं.

मी मॅट्रिक होऊन पुढचं शिकत होते आणि एका छापखान्याच्या माडीवर भरणाऱ्या वाचन मंडळात जात होते. तिथे केशवभाऊ म्हणून खिळे जुळवणारे गृहस्थ आम्हाला पत्रकं लिहायला शिकवत. देवी टोचून घ्या, भगताच्या अंगाऱ्याला भुलू नका, दवाखान्यात जा, असं आम्ही बाजारात वाटत फिरायचो. एका पत्रकात मी लिहिलं होतं की भगत माणूस बघून बोलतो, विज्ञान कोणाचं तोंड बघत नाही. ते वाक्य मंडळात फार नावाजलं गेलं. आई ते पत्रक चुलीजवळ ठेवून त्यावर भाकऱ्या काढायची.

त्या पावसाळ्यात आत्याला दोन महिने धूलकोटच्या शाळेवर पाठवलं होतं, तिथून ती पाळीचा ताप, म्हणजे हिवताप, घेऊन आली. एक दिवसाआड, दुपार कलायला लागली की हुडहुडी भरायची, मग अंग भट्टी व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी बाई ठणठणीत. आता, आमच्या घरात हा ताप चुकवायची एक रीत होती. पाळीचा ताप आपल्याला शोधत घरी येतो, असं समजायचं. म्हणून पाळीच्या दिवशी दुखणाईताने वेळेआधी घर सोडायचं, परक्या जागी जाऊन बसायचं, कोणी त्याला नावाने हाक मारायची नाही, आणि सगळ्यांत मोठा नेम म्हणजे कोणीही विचारलं तरी त्या दिवशी तापाचं नाव काढायचं नाही. नाव काढलं की त्याला पत्ता लागला. असे तीन-चार फेरे चुकवले की तो कंटाळून जातो. मी आईला म्हणायचे, ताप काय पोस्टमन आहे, दारावरची पाटी वाचून येतो? आई म्हणायची, "तू गप. तुझी पत्रकं वाच जाय." आत्या दोघींच्या मधे. डासामुळे ताप येतो हे ती शाळेत मुलींना शिकवत होती, कडू गोळ्याही नेमाने घेत होती. "वहिनीला बरं वाटतं तर तासभर बाहेर बसायला माझं काय जातं?" असं म्हणून ती पाळीच्या दिवशी देवळाच्या ओट्यावर वह्या तपासत बसायची.

नवं राज्य झालं तशी जुन्या राज्यातल्या मास्तरांना नव्या नोकरीत सामावून घ्यायची कामं सुरू झाली. प्रत्येकाने दवाखान्यातून तब्येतीचा दाखला आणायचा होता. दवाखान्यातले दुबेसाहेब भले गृहस्थ होते, गरिबाला औषध फुकट देत, आणि विज्ञानावर त्यांचा माझ्याइतकाच जीव होता. डोळे, छाती, वजन एवढंच पुरत असताना त्यांनी आपल्या हौसेने सगळ्यांची रक्ततपासणी जोडून दिली. नमुने खंडव्याला जायचे. आत्याची बारी आली तो गुरुवार नेमका पाळीचा दिवस. आई उलट खूश झाली, अनायासे घराबाहेर जाणं होतंय म्हणून आमच्याबरोबर चालत आली. पडवीत दुबेसाहेबांनी लिहिता लिहिता विचारलं, बुखार वगैरह? आत्याने एकदा आईकडे पाहिलं आणि नाही म्हणाली. आईचा नेम होता हे खरंच, पण तापकरी मास्तरणीला नापास करतील ही धास्तीही त्यात होती. हे आत्याने नंतर कधी लपवलं नाही.

दहा-बारा दिवसांनी दुबेसाहेबांनी अण्णांना बोलावणं पाठवलं. आत्या बरोबर गेली आणि मला कोणी अडवलं नाही म्हणून मीही गेले. त्यांनी दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात सांगितलं की रक्तात गरमीचा रोग निघाला आहे. बाहेरख्याली पुरुषांना होतो आणि त्यांच्यापासून बायकांना, तो. अण्णांनी खुर्चीच्या पाठीला धरलं. दुबेसाहेबांना आमची दया आली असावी, कारण त्यांनी लगेच वाटही काढून दिली. इंजेक्शनं घेतली की रोग जातो. रोग नवऱ्याकडून आला असं ते स्वतःच्या हाताने लिहितील, बाईंनी खाली सही करायची, मग दाखलाही मिळेल आणि बदनामीही नाही. "आदमी तो गुज़र गया, उसका अब क्या बिगड़ना है।"

आत्या एरवी त्यांच्याशी हिंदीत बोलायची. त्या दिवशी मराठीत बोलली. त्यांना मराठी चांगलं समजत होतं. "डॉक्टरसाहेब, त्यांनी मला काहीच दिलं नाही. मूल नाही, रोगही नाही. एक नाव दिलं, ते तुमच्या कागदावर नासवायला मी देणार नाही."

मला राहवलं नाही. मी विचारलं, तपासणी चुकू शकते का? दुबेसाहेब मोठ्या मायेने म्हणाले, "बेटी, काँच की नली को तुम्हारी बुआ से क्या दुश्मनी?" विज्ञान कोणाचं तोंड बघत नाही. माझंच वाक्य ते मला हिंदीत ऐकवत होते. एकीकडे जिच्या मांडीवर मी वाढले ती बाई, दुसरीकडे ज्याच्यावर मी बाजारात भाषणं ठोकत होते ते शास्त्र, आणि दोन्ही खरं असणं शक्य नव्हतं. आई या कोड्यात पडलीच नाही. त्या दुपारी शेजारची बाई खबर काढायला दारात येऊन बसली, तेव्हा आईने आत्याच्या ताटातली अर्धी भाकरी मोडून घेतली, तिच्याच वाटीत बुडवून खाल्ली, आणि त्या बाईला म्हणाली, "बघून घे माय. जाऊन सांग सगळ्यांले."

आत्याने सही केली नाही, म्हणून दाखला मिळाला नाही, म्हणून तिला नोकरीत सामावून घेता येत नाही असा कागद आला. कागदात फक्त ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ एवढंच होतं. बाकीचं चपराश्याने तोंडी पुरवलं. नळावर बायका विचारू लागल्या, "महाजनबाई रातचे कोणते पाढे शिकवू राहिली होती वो?" शिकवणीच्या पोरी एकेक करून बंद झाल्या. कोणाची आई आजारी, कोणाला मामाकडे जायचं. शेवटी एकच राहिली, विणकराची मुलगी, तीही एका संध्याकाळी दारातच उभी राहून म्हणाली, बाई, बाबा मारतात. आत्याने तिची पाटी पुसून दिली. पुढे भिंतीतून मागांची खटखट यायची आणि आमच्या घरात तिच्यावर म्हणायला काही नसायचं. आत्या डाळ निवडत बसायची. एकदा तिने मला सरळ विचारलं, तुला काय वाटतं? मी म्हणाले, तू खोटी नाहीस, पण तपासणी कशी खोटी ठरवायची ते मला कळत नाही. ती म्हणाली, "खरं बोललीस. पण हा तुझा ‘पण’ घेऊन मला शाळेत जाता येत नाही, बाई."

संक्रांतीला फोपनारच्या मामाचा मुलगा, मधूदादा, तिळगूळ द्यायला आला. तो नागपूरला डॉक्टरकी शिकत होता. घरात काय झालं ते त्याला कोणी सांगेना, तेव्हा मी सांगितलं. तो भाकरी कुस्करत होता, तसाच थांबला. आत्याला हिवताप होता ना तेव्हा, म्हणाला. हो म्हटल्यावर अगदी सहज, पाण्याचा तांब्या मागावा तसं बोलला, "अगं, मग ती तपासणी खोटं बोलणारच. हिवताप अंगात असला की निरोगी माणसाचं रक्तही तसंच उत्तर देतं. आम्हाला हे कधीच शिकवून झालं."

कधीच. मी तो शब्द अजून विसरलेली नाही. एक रात्र आगगाडीत बसलं की नागपूर येतं. तिथे वर्गात बसलेली मिसरूड फुटलेली पोरं जे पाठ करत होती, ते आमच्या गावात पोचलं नव्हतं, आणि न पोचलेल्या गोष्टीपायी एक बाई घरात डाळ निवडत बसली होती. पंधरा दिवसांनी मधूदादा पुस्तक घेऊन परत आला. तो, आत्या आणि मी, आम्ही तिघं दुबेसाहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं. मग जुना केसपेपर काढून आमच्यापुढे सरकवला. ताप नाही असं त्यावर त्यांच्याच हाताने लिहिलेलं होतं. त्यांचं म्हणणं, बाईंनी सांगितलं असतं तर मी थांबलो असतो. आत्या म्हणाली, माझं चुकलं, आमच्याकडे त्या दिवशी नाव काढत नाहीत. दुबेसाहेबांना ही रीत समजेना आणि समजावून सांगायची तिला लाज वाटली. अखेर होळीनंतर पुन्हा रक्त पाठवायचं ठरलं. ताप तोवर पार गेला होता.

दुसरं उत्तर स्वच्छ आलं. अण्णा त्या दिवशी कधी नव्हे ते जिलेबी घेऊन आले, पण आधी दवाखान्यात जाऊन दाखला घेऊ म्हणून पुडा तसाच बांधून ठेवला. दुबेसाहेबांनी लिहिलं की आज रोगाची खूण नाही. आत्याने वाचलं आणि विनंती केली की पहिली तपासणी तापामुळे चुकली होती, एवढी एक ओळ घाला. त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"आज नहीं है, ये लिख सकता हूँ। कभी थी ही नहीं, ये कैसे लिखूँ? विज्ञान पीछे जाकर नहीं देखता, बहनजी।"

"पहिल्या वेळी तर बघितलं होतं," आत्या म्हणाली. "एका थेंबातून माझा सगळा संसार मागे जाऊन बघितला होता तुम्ही. मेलेल्या माणसापर्यंत पोचला होता."

दुबेसाहेबांनी मान खाली घातली, पण ओळ घातली नाही. ते खोटं बोलत नव्हते, हीच तर त्यातली खरी अडचण. त्यांना जेवढं माहीत होतं तेवढंच लिहायचा ते आता कटाक्ष ठेवत होते. हा कटाक्ष पहिल्या दिवशी ठेवला असता तर! नोकरीच्या कचेरीत मोठ्या बाबूने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि हसून अण्णांचं अभिनंदन केलं. त्याच्या हिशेबाने गोष्ट अगदी सरळ होती. पहिला कागद रोगाचा, दुसरा इलाजाचा. बाईंनी गुपचूप औषध घेतलं, बऱ्या झाल्या, आनंद आहे. जागा मात्र भरली. म्हणजे ज्या कागदाने ती सुटायची, त्यानेच पहिला पक्का केला. घरी आल्यावर जिलेबीचा पुडा कोणी सोडला नाही. दुसऱ्या दिवशी आईने तो गायीला घातला.

मी पत्रक लिहिलं. केशवभाऊंनी वाचलं, मंडळाने वाचलं, आणि छापायला नकार दिला. भगत लोक याचा फायदा घेतील, लोक दवाखान्यात जायचे थांबतील. मी म्हणाले, चूक झाकून दवाखाना चालवायचा तर भगताने काय वाईट केलं? त्याचीही चूक त्याचे चेले झाकतातच. त्यावर मला भावनाप्रधान ठरवण्यात आलं. मी मंडळ सोडलं, विज्ञान सोडलं नाही, हे इथे ठणकावून सांगते, कारण आजकाल असल्या गोष्टी सांगितल्या की ताईत विकणारे लगेच जवळ सरकतात. आत्याला अंगाऱ्याने कोणी निर्दोष ठरवलं नाही. मधूदादाच्या पुस्तकातल्या पानानेच ठरवलं. मला कळलं ते एवढंच, की जे शास्त्र आज ठाम बोलतं त्याच्याखाली उद्याची ओळ कोरी असते, आणि ती कोरी आहे हे सांगायची कोणाला सवय नसते. धूलकोटला घराघरांच्या भिंतींवर डासांसाठी डीडीटीचं पांढरं पाणी फवारायला माणसं आली, तेव्हा पिठासारखं निर्धोक आहे म्हणून सांगत होती. डास मेले, ताप घटला, ते खरं. ‘पिठासारखं’ हे खरं नव्हतं, ते कळायला बरीच वर्षं जावी लागली.

आत्या पुढे शिवणयंत्रावर पोलकी शिवत राहिली. आई आणि अण्णा गेल्यावर ती माझ्याकडे जळगावला आली. म्हातारी झाली तेव्हा मधूदादाने, तोही तेव्हा म्हाताराच, सांगितलं की आता अशी तपासणी निघाली आहे जी रोग कधीकाळी होऊन गेला असेल तरी पकडते. म्हणजे विज्ञान आता मागे जाऊन बघायला लागलं होतं. मी आत्याला विचारलं, करायची का? तिने सुईत दोरा ओवला.

"ही नवी नळी तरी किती वर्षं खरी राहील?"

मी म्हणाले, माहीत नाही. आज माणसाला जेवढं कळतं त्यात ही सर्वांत बरी आहे, उद्या हिच्यातही काही निघेल.

"हे उत्तर दुबेसाहेबांनी दिलं असतं," आत्या म्हणाली, "तर मी त्यांच्या पाया पडले असते."

तिने रक्त दिलं. उत्तर आलं की तो रोग तिला आयुष्यात कधी झालेला नव्हता. तिने कागद घडी घालून माझ्या हातात दिला आणि सांगितलं, शाळेत सांगून ये. मी बऱ्हाणपूरला गेले. मराठी शाळेच्या जागी दुसरंच काही होतं. कचेरीत म्हणाले, एवढी जुनी फाइल ठेवत नाहीत, मग शेरा खोडायचा कशावर? दुबेसाहेब गेले होते, मोठा बाबू गेला होता. नळावरच्या बायकाही नव्हत्या, पण त्यांच्यापैकी एकीची सून दारात शेंगा सोलत होती. मी आत्याचं नाव घेतलं तर म्हणाली, "ती मास्तरीण ना, वाईट रोगवाली? सासू सांगायची." मी तिच्या ओट्यावर बसून तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि चहा विचारला. परत येऊन मी आत्याला यातलं काहीही न लपवता सांगितलं. ती म्हणाली, एकीला तरी सांगितलंस. त्याच वर्षी ती गेली.

तुम्ही हे वाचत आहात, म्हणून मागणी तुमच्याकडे. तुम्ही डॉक्टर असाल, शाळेत मुलांना मतिमंद ठरवणारे असाल, नोकरीसाठी माणसं पारखणारे असाल, किंवा नुसते शेजारी असाल. ज्या तपासणीच्या भरवशावर तुम्ही कोणाला रोगी, नालायक, बदफैली म्हणालात, ती तपासणी कच्ची होती असं उद्या कळलं, तर नवं पुस्तक कपाटात लावून गप्प बसू नका. जुन्या निकालाची माणसं शोधून काढा. त्यांच्या दारात उभे राहा. गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगा की आम्हाला तेव्हा पुरतं कळत नव्हतं आणि तरी आम्ही ठामपणे बोललो, आणि तेच कागदावर लिहून खाली सही करा. असं एक नाव तुम्हाला आत्ता आठवत असेल, तर ते माणूस जिवंत आहे तोवर जा.